घटक ४ : चर्चची वास्तू, वस्तीचा इतिहास आणि बोली – रेवदंडा व कोर्लई

४.० उद्दिष्टे

प्रस्तुत घटकाच्या अभ्यासानंतर आपणास,
• 'चर्च', 'इगर्ज' आणि 'देऊळ' या शब्दांची व्युत्पत्ती व त्यांमागील कल्पना स्पष्ट करता येतील.
• चौल, रेवदंडा व कोर्लई या परिसरातील पोर्तुगीजकालीन इतिहासाचे प्रमुख टप्पे सांगता येतील.
• चर्चच्या वास्तूचे मुख्य घटक ओळखता येतील आणि पडक्या अवशेषांवरून मूळ वास्तूचे अनुमान करता येईल.
• कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीची बोली आणि तेथील चर्च यांचा परस्परसंबंध विशद करता येईल.
• भाषासंपर्क, क्रिओल आणि आदानशब्द या संकल्पना उदाहरणांसह मांडता येतील.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण बोली म्हणजे काय आणि प्रमाणभाषेशी तिचे नाते कोणते, याचा विचार केला. या घटकात आपण एका वेगळ्या साधनाच्या आधारे भाषेकडे पाहणार आहोत. ते साधन म्हणजे वास्तू. शिलालेख, ताम्रपट, बखरी ही जशी इतिहासाची साधने, तशीच इमारतही एक साधन असते. ती कोणी बांधली, कोणासाठी बांधली, कोणत्या दगडाची बांधली, तिचा कोणता भाग टिकला व कोणता पडला, या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की आपण नकळत त्या वास्तूभोवती राहणाऱ्या माणसांपर्यंत आणि त्यांच्या बोलण्यापर्यंत येऊन पोहोचतो.

यासाठी आपण रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एक लहानसा टापू निवडला आहे. कुंडलिका नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे खाडीच्या उत्तर तीरावर अलिबाग तालुक्यातील रेवदंडा आहे आणि दक्षिण तीरावर मुरूड तालुक्यातील कोर्लई आहे. दोन्ही ठिकाणे एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यात आहेत. दोन्हींचा पोर्तुगीजकालीन इतिहास एक आहे. मात्र आज रेवदंड्याला मोठमोठ्या चर्चचे अवशेष आहेत आणि त्यांत प्रार्थना करणारा समाज नाही. कोर्लईला एक साधे गावचे चर्च आहे आणि त्याच्याभोवती जवळजवळ पाच शतकांच्या संपर्कातून घडलेली बोली बोलणारा समाज आहे. हा फरक का पडला, हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

४.२ विषय विवेचन

४.२.१ 'चर्च', 'इगर्ज' आणि 'देऊळ'

प्रारंभ शब्दांपासून करू. आज मराठीत रूढ असलेला 'चर्च' हा शब्द इंग्रजीतून आला. त्याचे मूळ ग्रीक भाषेतील 'किरिआकोन' या शब्दापर्यंत जाते. त्याचा अर्थ 'प्रभूचे' म्हणजे प्रभूचे घर असा होतो. गोव्यातील कोंकणीत मात्र 'इगर्ज' हा शब्द आहे. तो पोर्तुगीज 'इग्रेजा'वरून आला. पोर्तुगीज शब्द लॅटिन 'एक्लेसिया'वरून आणि लॅटिन शब्द ग्रीक 'एक्लेसिया'वरून. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'बोलावून जमवलेली सभा' असा आहे.

म्हणजे एका शब्दाच्या मुळाशी घर आहे, तर दुसऱ्याच्या मुळाशी माणसांची सभा आहे. आपला 'देऊळ' हा शब्द संस्कृत 'देवकुल' या शब्दापासून 'देउल' या रूपाने आला. त्यातील 'कुल' शब्दाला घर आणि घराणे असे दोन्ही अर्थ आहेत. धर्मस्थानाचे नाव घडवताना भाषा कधी भिंतींकडे पाहते, तर कधी माणसांकडे. घर आणि सभा हा भेद आपण लक्षात ठेवावा. रेवदंडा व कोर्लई यांचा इतिहास समजून घेताना तो उपयोगी पडणार आहे.

४.२.२ ऐतिहासिक पार्श्वभूमी

चौल हे पश्चिम किनाऱ्यावरील अतिप्राचीन बंदर. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील ग्रीक लेखनात 'सेमिल्ला', 'सिमिल्ला' अशा रूपांत आणि पुढे अरब प्रवाशांच्या लेखनात 'सैमूर' या रूपात येणारे बंदर म्हणजे चौल, असे अभ्यासक मानतात. सोळाव्या शतकाच्या आरंभी हा प्रदेश अहमदनगरच्या निजामशाहीकडे होता. १५०८ साली चौलच्या खाडीत पोर्तुगीज आरमाराची इजिप्तच्या व गुजरातच्या आरमाराशी लढाई झाली आणि तीत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेडा मारला गेला. पुढे १५२१ च्या सुमारास निजामशहाच्या संमतीने पोर्तुगीजांनी खाडीच्या मुखाशी, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, किल्ला व वखार उभारली. मूळचे चौल आणि पोर्तुगीजांचे चौल अशी दोन गावे शेजारी शेजारी नांदू लागली.

१५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने पोर्तुगीज चौलला प्रदीर्घ वेढा घातला; परंतु ठाणे पडले नाही. खाडीपलीकडच्या कोर्लईच्या डोंगरावर निजामशाहीने शतकाच्या अखेरीस तटबंदी उभारली, तेव्हा रेवदंड्याच्या उरावरच तोफा आल्यासारखे झाले. १५९४ साली पोर्तुगीजांनी तो डोंगर जिंकला आणि समुद्रात शिरलेल्या त्या चिंचोळ्या टेकडीवर आडव्या भिंती व दरवाजे घालून लांबट किल्ला सिद्ध केला. किल्ल्यात शिबंदीसाठी चर्च बांधले गेले. त्याच्या छप्पर नसलेल्या भिंती आजही उभ्या आहेत. पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती वाढली.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणा मोडला. त्याच मोहिमेच्या ओघात कोर्लईवर दबाव आला. १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. सव्वादोनशे वर्षांची पोर्तुगीज राजवट येथे संपली.

या मोहिमेची एक खूण महाराष्ट्रातील देवळांत ऐकू येते. वसईच्या चर्चमधील घंटा विजयचिन्ह म्हणून नेऊन देवळांत बांधण्यात आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा त्यांपैकीच एक असून तिच्यावर १७२१ हे वर्ष आहे. 'नारोशंकराची घंटा' असे तिचे नावच पडून गेले. वस्तूचे स्थान बदलले, तिला हाक मारणारी भाषा बदलली आणि मूळ संदर्भ केवळ धातूवर कोरलेल्या आकड्यांत उरला. शब्दांच्या बाबतीतही असेच घडते, हे आपण पुढे पाहू.

४.२.३ रेवदंड्याचे अवशेष : वास्तू कशी वाचावी

रेवदंड्याच्या कोटात फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेज्वित आणि ऑगस्टिनियन या चारही प्रमुख धर्मसंघांची चर्च व मठ होते. मुंबईतील गोमंतकीय वैद्य व इतिहासकार डॉ. जोसेफ गर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौल-वसईविषयक ग्रंथात आणि १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या अवशेषांची वर्णने आहेत. आज हे अवशेष नारळ-पोफळीच्या वाड्यांमध्ये विखुरलेले आहेत.

चर्चच्या वास्तूचे चार मुख्य भाग लक्षात घ्यावेत. पहिला भाग दर्शनी भिंत. दुसरा, उपासकांसाठी असलेले लांबट सभागृह. तिसरा, सभागृहाच्या टोकाला असलेले वेदीस्थान. येथे वेदी असते व धर्मगुरू विधी करतात. चौथा, घंटेचा मनोरा. देवळाशी परिचित असलेल्या वाचकाला सभामंडप व गर्भगृह यांची आठवण होईल. ही तुलना मांडणी समजण्यापुरती उपयुक्त आहे. मात्र एक मूलभूत फरक विसरू नये. देवळात भक्त एकेकटा येऊन दर्शन घेऊन जाऊ शकतो, म्हणून गर्भगृह लहान व अंधारे असले तरी चालते. चर्चमधील मुख्य विधी समुदायाने एकाच वेळी बसून करावयाचा असतो. सर्वांना वेदी दिसली पाहिजे आणि धर्मगुरूंचा आवाज ऐकू आला पाहिजे. सभागृहाची लांबी, मध्ये खांबांचा अभाव, भिंतींतील उंच खिडक्या ही सर्व या गरजेची फलिते आहेत. या दृष्टीने कार्ल्याचे चैत्यगृह आणि चर्च यांत जवळीक दिसते. दोन्ही सामुदायिक उपासनेसाठी आहेत आणि दोन्हींत लांबट दालनाच्या टोकाला उपास्यस्थान आहे. तथापि हे साम्य समान गरजेतून आलेले आहे. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

आता अवशेष कसे वाचावेत ते पाहू. कोकणातील पोर्तुगीजकालीन चर्चमध्ये सभागृहावर सामान्यतः लाकडी वासे व कौले असत, तर वेदीस्थानावर दगडी कमानीसारखे गोलाकार छत असे. लाकूड जळते, कुजते, कोणी काढूनही नेते, कौले फुटतात. दगडी छत मात्र चुन्याच्या बळावर शतके टिकते. त्यामुळे पडक्या चर्चमध्ये बहुधा सभागृह आकाशाला उघडे आणि वेदीस्थान छताखाली, असे दृश्य दिसते. रेवदंड्याच्या डोमिनिकन चर्चमध्ये वेदीस्थानावरील चौकटींची नक्षी असलेले दगडी छत असेच टिकून राहिले आहे. ज्या ठिकाणी जनसमुदाय बसत असे तेथे आज झाडे उगवली आहेत आणि जेथे धर्मगुरू उभे राहत तेवढी जागा झाकलेली आहे. बांधणाऱ्यांनी कोणत्या भागाला अधिक महत्त्व दिले, हे त्यांनी वापरलेल्या साहित्यावरून कळते.

बांधकाम स्थानिक दगडाचे आहे. युरोपातून आला तो आराखडा. दगड, चुना, लाकूड आणि मजुरांचे हात मुख्यतः येथलेच. जाड भिंती आणि चुन्याचा गिलावा हे येथील पावसाला दिलेले उत्तर होय. गिलावा दरवर्षी जपावा लागतो. ज्या इमारतीचा गिलावा जपणारे कोणी उरत नाही, तिचे दगड पावसाळ्यागणिक मोकळे होत जातात. म्हणून वास्तूच्या विध्वंसाला प्रत्येक वेळी शत्रूच लागतो असे नाही. सांभाळणारी माणसे निघून गेली तरी पुरते.

रेवदंड्याचा सर्वांत ठळक अवशेष म्हणजे फ्रान्सिस्कनांच्या सांता बार्बारा चर्चचा मनोरा. लोक त्याला 'सातखणी' म्हणतात. 'खण' हा मराठी घरबांधणीतला अस्सल शब्द. आज त्याचे सातही खण शाबूत नाहीत. पण नाव टिकले आहे. येथे भाषेच्या अभ्यासकाने थांबून विचार करावा. बांधणाऱ्यांनी मनोऱ्याला एका संत स्त्रीचे नाव दिले होते. ते नाव उच्चारणारा समाज निघून गेल्यावर गावकऱ्यांनी डोळ्यांना दिसणाऱ्या खणांवरून त्याला नवे नाव दिले. स्थलनामांच्या अभ्यासात अशा नामांतराला फार महत्त्व आहे.

४.२.४ इंग्लंडातील ग्रामीण चर्च आणि कोकणातील चर्च

इंग्रजी कादंबऱ्यांच्या वाचनातून आपल्या मनात चर्चचे एक चित्र तयार झालेले असते : गावाच्या मध्यभागी दगडी मनोरा, टोकदार कमानींच्या खिडक्या, सभोवती थडग्यांचे हिरवे आवार. हे चित्र इंग्लंडातील ग्रामीण पॅरिश चर्चचे आहे. ती चर्च बहुतांशी मध्ययुगात उभी राहिली आणि शतकानुशतके वाढत, दुरुस्त होत गेली. वेदी पूर्वेच्या टोकाला ठेवण्याची प्रथा तेथे दृढ आहे. टोकदार कमान ही गॉथिक शैलीची प्रमुख खूण होय. ब्रिटिशांनी ती शैली आपल्याबरोबर येथे आणली. मुंबईत कुलाब्याला १८५८ साली पूर्ण झालेले अफगाण चर्च हे तिचे उत्तम उदाहरण आहे.

पोर्तुगीज मात्र येथे आले ते युरोपात प्रबोधनकाळ सुरू असताना. त्यांच्या वास्तूत ग्रीक-रोमन परंपरेतून आलेली अर्धगोल कमान, भिंतीला चिकटलेले चपटे खांब आणि त्रिकोणी माथ्याची दर्शनी भिंत दिसते. वेदी पूर्वेलाच असावी हा नियमही तितक्या काटेकोरपणे पाळलेला दिसत नाही. तेव्हा ढोबळमानाने असे म्हणता येईल : कमान टोकदार असेल तर एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश प्रभावाचा आणि अर्धगोल असेल तर पोर्तुगीज परंपरेचा विचार प्रथम करावा. हा केवळ पहिला अंदाज होय. पुढील दुरुस्त्यांत शैलींची सरमिसळ होत असते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
१) 'एक्लेसिया' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ कोणता?
२) पोर्तुगीजांनी कोर्लईचा डोंगर कोणत्या साली जिंकला?
३) पडक्या चर्चमध्ये वेदीस्थान अधिक टिकलेले का दिसते?
४) रेवदंड्याच्या फ्रान्सिस्कन मनोऱ्याला लोक कोणत्या नावाने ओळखतात?

४.२.५ कोर्लईचे चर्च

कोर्लई गावातील चर्च माउंट कार्मेलच्या मातेला, म्हणजे मरियेला, अर्पण केलेले आहे. कार्मेल हा भूमध्य समुद्राकाठचा डोंगर. त्याच्या नावाचे चर्च अरबी समुद्राकाठच्या एका डोंगराच्या पायथ्याशी आहे. कॅथलिक पंचांगात या मातेचा सण १६ जुलै रोजी येतो, म्हणजे कोकणात ऐन पावसात.

वास्तुशास्त्राच्या दृष्टीने रेवदंड्याच्या भव्य अवशेषांपुढे हे चर्च साधे आहे. परंतु ते चालू आहे. चालू चर्च आणि पडके चर्च यांच्या अभ्यासात एक महत्त्वाचा फरक असतो. पडके चर्च एका काळाशी थांबलेले असते, म्हणून त्यातील मूळ आराखडा स्पष्ट दिसतो. चालू चर्चला दर पिढी हात लावते : कौले बदलली जातात, गिलावा नवा होतो, रंग येतो, फरशी येते. जुनेपणाच्या शोधात आलेला पाहुणा यामुळे कधी कधी निराश होतो. अभ्यासकाने मात्र ही दुरुस्ती हीच इतिहासाची साखळी समजावी. दुरुस्ती होते याचाच अर्थ माणसे आहेत.

'पॅरिश' म्हणजे एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील गावाची किंवा गावांच्या समूहाची ख्रिस्ती वस्ती. बाप्तिस्मा, विवाह, अंत्यविधी यांनी माणसाचे आयुष्य पॅरिशशी बांधलेले असते. १५६३ साली संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदवह्या ठेवणे बंधनकारक केले. त्यामुळे जगभरच्या पॅरिशमध्ये कुटुंबांचा व नावांचा लेखी इतिहास तयार होत गेला. ग्रामीण समाजाच्या इतिहासासाठी आपण जसे कुळकर्ण्याचे दप्तर किंवा तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्या पाहतो, तसेच हे साधन होय.

१७४० नंतर रेवदंड्याच्या कोटातील पोर्तुगीज व्यापारी, अधिकारी आणि धर्मसंघ यांना तेथे राहण्याचे कारण उरले नाही. शहर सत्तेवर आणि व्यापारावर उभे होते. सत्ता गेली, तसे शहर ओस पडले. कोर्लईच्या पायथ्याची साधी माणसे मात्र गावातच राहिली. राज्य मराठ्यांचे आले, पुढे इंग्रजांचे आले, स्वातंत्र्य आले, कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. वस्ती तेथेच आहे. रेवदंड्यात घर राहिले आणि सभा गेली. कोर्लईत सभा राहिली आणि तिने आपले घर वेळोवेळी सावरले. प्रास्ताविकातील प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे.

४.२.६ 'नॉ लिंग' : कोर्लईची बोली

कोर्लईचे ख्रिस्ती लोक आपल्या बोलीला 'नॉ लिंग', म्हणजे 'आमची भाषा' असे म्हणतात. अमेरिकन भाषावैज्ञानिक जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीचा सखोल अभ्यास करून १९९६ मध्ये तिच्या घडणीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ती बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपास सांगितली जाते. भाषाविज्ञानात या प्रकारच्या भाषेला 'क्रिओल' म्हणतात. भिन्न भाषा बोलणारे समूह दीर्घकाळ एकत्र आले, त्यांच्या व्यवहारातून एक नवी भाषा निर्माण झाली आणि पुढच्या पिढीची ती मातृभाषा झाली, म्हणजे क्रिओल सिद्ध होते.

या बोलीचा शब्दसंग्रह प्रामुख्याने पोर्तुगीज आहे; परंतु वाक्याची ठेवण मराठीच्या वळणावर गेली आहे. पोर्तुगीज भाषेत क्रियापद सामान्यतः कर्माच्या आधी येते. 'मी खाल्ला भात' असा त्या भाषेचा क्रम. कोर्लईच्या बोलीत मराठीप्रमाणे कर्ता, कर्म, क्रियापद असा क्रम आढळतो. पोर्तुगीज भाषेत संबंध दाखवणारे शब्द नामाच्या आधी येतात. या बोलीत ते पुष्कळ अंशी मराठीच्या शब्दयोगी अव्ययांप्रमाणे नामानंतर येतात. क्रियापदांची व्यवस्था तर विशेष लक्षणीय आहे. पोर्तुगीज क्रियापदांचे तीन वर्ग या बोलीत 'अ', 'ए' व 'इ' या अंत्य स्वरांच्या रूपाने टिकले. आणि मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी 'उ' या अंत्य स्वराचा चौथा वर्ग तयार झाला.

हा चौथा वर्ग नीट समजून घ्यावा. आपण मराठीत इंग्रजी क्रियापदे घेतो तेव्हा त्यांना 'करणे'ची जोड देतो : 'सेव्ह करणे', 'पोस्ट करणे'. परकी धातू सामावून घेण्याची मराठीची ही रीत झाली. कोर्लईच्या बोलीने परक्या धातूंसाठी स्वतःच्या व्याकरणात एक स्वतंत्र दालनच उघडले. ज्या भाषेत असा नियम घडतो आणि सर्व बोलणारे तो सारखाच पाळतात, त्या भाषेला व्याकरण नाही असे म्हणताच येत नाही.

आता ही बोली टिकली कशी? तिच्याभोवती दोन कुंपणे होती, असे म्हणता येईल. धर्म व विवाहसंबंध यांमुळे हा समाज शेजारच्या मराठी भाषक समाजापासून काहीसा वेगळा राहिला. १७४० नंतर राजकीय कारणाने तो पोर्तुगीज भाषकांपासूनही तुटला. पहिल्या कुंपणामुळे बोली मराठीत विरून गेली नाही. दुसऱ्यामुळे ती प्रमाण पोर्तुगीजकडे परत वळली नाही. या दोहोंच्या मध्ये चर्च उभे होते. चर्चने सणवार, लग्ने आणि नातीगोती एकत्र बांधून ठेवली. बोलीला आवश्यक असणारा बोलणारा समुदाय त्यातून टिकून राहिला. मात्र येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. ही घराची, अंगणाची, शेताची भाषा होती. उपासनेची भाषा दुसरीच होती. १९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर जगभर लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली. कोर्लईत ती लोकभाषा म्हणून मराठी आली. लोकांना समजणाऱ्या भाषेत प्रार्थना होऊ लागली, हा लाभ खराच. पण शाळा मराठी, बाजार मराठी आणि आता प्रार्थनाही मराठी, अशी स्थिती झाल्यावर घरगुती बोलीचे क्षेत्र अधिकच आक्रसले. शिक्षण व नोकरीसाठी होणारे स्थलांतर हा पुढचा टप्पा. एकाच निर्णयाचा एका अंगाने लाभ आणि दुसऱ्या अंगाने तोटा होऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे.

४.२.७ मराठीत राहिलेले पोर्तुगीज शब्द

भाषासंपर्क एकमार्गी नसतो. मराठीनेही पोर्तुगीजमधून शब्द घेतले. गोमंतकीय विद्वान मोन्सेन्योर सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा कोश १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. पाव, बटाटा, काजू, अननस, पपई, कोबी, चावी, बादली, घमेले, पगार, लिलाव, तुरुंग, पाद्री हे शब्द आपण परके मानीतही नाही. 'हापूस' हा 'आफोन्सो' या नावाचा मराठी अवतार. या यादीचे वर्गीकरण केले तर संपर्काचे स्वरूप कळते : नवी फळे-भाज्या, घरातील वस्तू, कारभार आणि धर्म. शब्द कोणत्या वाटेने आले ते त्यांच्या अर्थक्षेत्रावरून ओळखता येते.

'चावी' हा शब्द विशेष बोलका आहे. आजच्या लिस्बनमध्ये या शब्दाच्या मूळ रूपाचा आरंभ 'श'ने होतो. मग मराठीत 'च' कोठून आला? सोळाव्या शतकातील पोर्तुगीज भाषेत या अक्षराचा उच्चार 'च' असाच होता. पुढे तो बदलून 'श' झाला. मराठीने शब्द आधी घेतला आणि त्याचा जुना उच्चार जपला. देवळात जाऊन बसलेल्या घंटेवर जसे जुने वर्ष राहते, तसा मराठीतील या शब्दावर जुना उच्चार राहिला आहे.

याच काळातील एक ग्रंथ मराठीच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडमधील जेज्वित धर्मगुरू. त्यांनी गोव्यात राहून मराठी ओवीत रचलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. इंग्लंडात जन्मलेला, पोर्तुगीजांच्या राज्यात राहणारा धर्मगुरू मराठीत पुराण रचतो, ही घटना किनाऱ्यावरील भाषासंपर्काची व्याप्ती दाखवते. क्रिस्तपुराणाला आपल्या वाङ्मयेतिहासात मानाचे स्थान आहे. त्याच संपर्कातून घडलेली कोर्लईची बोली मात्र बहुतेक इतिहासग्रंथांत एका ओळीचीही मानकरी होत नाही. एक लेखी आहे, दुसरी केवळ बोलण्यात आहे, फरक एवढाच.

४.२.८ 'मोडकी भाषा' म्हणजे काय?

क्रिओल भाषांना 'मोडकी पोर्तुगीज', 'भ्रष्ट फ्रेंच' अशी नावे दीर्घकाळ दिली गेली. वरील विवेचनावरून हा दृष्टिकोन शास्त्रीय कसोटीला उतरत नाही, हे स्पष्ट होईल. मोडलेल्या वस्तूला नियम नसतो. कोर्लईच्या बोलीला आहेत. ही भूमिका केवळ कोर्लईपुरती नाही. हा घटक वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी आगरी, कोळी, कादोडी, मालवणी किंवा अन्य बोली बोलली जात असेल. शाळेत ती 'अशुद्ध' म्हणून टोकली गेल्याचा अनुभवही अनेकांना असेल. पडक्या चर्चकडे पाहून आपण 'हा दगडांचा ढीग' असे म्हणत नाही. त्याचा आराखडा शोधतो. मग जिवंत बोलीकडे पाहताना तेवढा आदर का नसावा? शिवाय दगडी छत माणसांवाचून काही शतके उभे राहू शकते. बोलीला ती सवलत नाही. जी पिढी ती मुलांशी बोलणे थांबवते, तिच्याबरोबरच ती जाते, आणि तिचे अवशेषही उरत नाहीत.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
१) 'नॉ लिंग' या नावाचा अर्थ सांगा.
२) कोर्लईच्या बोलीत मराठी क्रियापदांसाठी कोणता वर्ग निर्माण झाला?
३) 'चावी' या शब्दातील 'च' कशाचा पुरावा आहे?
४) 'क्रिस्तपुराण' कोणत्या साली व कोठे छापले गेले?

४.३ सारांश

चौल-रेवदंडा-कोर्लई हा टापू सुमारे सव्वादोनशे वर्षे पोर्तुगीज सत्तेखाली होता. रेवदंड्यातील चर्चच्या अवशेषांतून त्या काळच्या वास्तुपद्धतीची कल्पना येते. लाकडी छताचे सभागृह नष्ट होणे आणि दगडी छताचे वेदीस्थान टिकणे हे तिचे ठळक लक्षण. १७४० नंतर रेवदंड्यातील समाज पांगला, तर कोर्लईतील समाज चर्चभोवती टिकून राहिला. त्या समाजाची बोली पोर्तुगीज शब्दसंग्रह आणि मराठी वाक्यरचना यांच्या संयोगातून सिद्ध झालेली, स्वतःचे नियम असलेली क्रिओल भाषा आहे. मराठीतही या संपर्काच्या खुणा आदानशब्दांच्या रूपाने आहेत. वास्तू आणि भाषा ही दोन्ही इतिहासाची साधने असली, तरी भाषेचे अस्तित्व बोलणाऱ्या समाजावर सर्वस्वी अवलंबून असते.

४.४ पारिभाषिक शब्द

वेदीस्थान : चर्चमधील वेदी असलेला, सभागृहाच्या टोकाचा भाग.
पॅरिश : एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील ख्रिस्ती वस्ती.
क्रिओल : भाषासंपर्कातून निर्माण होऊन पुढील पिढीची मातृभाषा झालेली भाषा.
आदानशब्द : एका भाषेने दुसऱ्या भाषेतून घेतलेला शब्द.
अर्थक्षेत्र : अर्थदृष्ट्या परस्परसंबंधित शब्दांचा गट.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : १) बोलावून जमवलेली सभा. २) १५९४. ३) त्यावर दगडी छत असते; सभागृहावरील छत लाकूड व कौलांचे असल्याने लवकर नष्ट होते. ४) सातखणी.
प्रश्न – २ : १) आमची भाषा. २) 'उ' या अंत्य स्वराचा चौथा वर्ग. ३) सोळाव्या शतकातील पोर्तुगीज उच्चाराचा. ४) १६१६, रायतूर.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१) रेवदंडा व कोर्लई येथील चर्चची तुलना 'घर' आणि 'सभा' या संकल्पनांच्या आधारे करा.
२) कोर्लईची बोली टिकून राहण्याची कारणे सांगून तिच्यापुढील अडचणींची चर्चा करा.
३) 'क्रिओल म्हणजे मोडकी भाषा' या मताचे परीक्षण करा.
४) टीप लिहा : अ) मराठीतील पोर्तुगीज आदानशब्द ब) सातखणी मनोरा.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील कोणतेही एक जुने धर्मस्थान निवडा. त्याचे सध्याचे नाव, लोक वापरत असलेले दुसरे नाव, बांधकामाचे साहित्य आणि अलीकडे झालेल्या दुरुस्त्या यांची नोंद करा. त्या वास्तूच्या निरनिराळ्या भागांना वडीलधारी माणसे कोणत्या शब्दांनी ओळखतात, ते त्यांच्याच उच्चारांत लिहून घ्या. कोशात न सापडणारे शब्द वेगळे काढा. ते चुकीचे समजून दुरुस्त करू नका. उपासनेच्या वेळी जाणे टाळावे, छायाचित्र घेण्यापूर्वी अनुमती घ्यावी आणि ज्यांनी माहिती दिली त्यांना आपली नोंद पूर्ण झाल्यावर वाचून दाखवावी.